चौऱ्याहत्तर दिवसांचे पाणी

दिनांक ९ एप्रिल. रक्कम सहाशे बारा रुपये पन्नास पैसे. आमच्या पाणीपुरवठा कचेरीतल्या तक्तेबाईंच्या पगारातून ही रक्कम कापून घ्यावी, असा कागद त्या दिवशी माझ्या टेबलावर आला. मी हिशेब खात्याचा प्रमुख. एकतीस वर्षांत असले शेकडो कागद मी सवयीने पार केले असतील. हा मात्र मी दोनदा वाचला. तलावावरची नाव वापरल्याबद्दल भाडे: अकरा फेऱ्या, दर फेरीला पंचावन्न रुपये, शिवाय पावतीपुस्तकाचे साडेसात. हा दर तलाव पाहायला येणाऱ्या हौशी मंडळींसाठी ठरवलेला आहे. बाई नावेत हौसेने बसल्या नव्हत्या. शहराला अजून किती दिवस पाणी पुरेल हे त्या मोजत होत्या, आणि कागदावर सही करणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते. मला तेव्हा राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि जावा अशी इच्छाही नाही.

तक्तेबाई हे त्यांचे खरे नाव नव्हे. त्या तक्ता सांभाळतात, म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना तसेच म्हणतात. काम दिसायला सोपे. शहरापासून दोन तासांवर आमचा तलाव. त्याच्या काठाशी पाण्यात एक खांब आहे आणि त्यावर मीटर-सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली पट्टी. तलावाचा राखणदार रोज सकाळी सात वाजता पट्टीवर पाणी कुठवर आहे ते पाहतो आणि कचेरीत फोन करतो. बाई तो आकडा वहीत उतरवतात आणि कापडी बांधणीचा जाडजूड तक्ता उघडतात. पाणी अमुक उंचीला असेल तर तलावात ते एकूण किती, हे तक्त्यात सेंटिमीटरगणिक लिहिलेले आहे. त्याला शहराच्या रोजच्या खपाने भागायचे. येईल तो आकडा चिठ्ठीवर लिहून खाली सही करायची. चिठ्ठी मोठ्या साहेबांकडे जाते आणि तोच आकडा खाली दरवाज्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहितात: 'शिल्लक दिवस'.

तेवीस वर्षे बाईंनी हे केले. एक भागाकार चुकला नाही. तक्त्याची पाने झिजली तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात पुन्हा लिहून काढली. शेवटी जोडलेला तलावाचा नकाशा फाटायला आला, तर पाठीमागून मलमल चिकटवली. कुठे किती खोली आहे ते त्या नकाशावर रेघांनी दाखवलेले होते आणि बाईंना ते तोंडपाठ होते. फक्त तलाव त्यांनी कधी पाहिला नव्हता. कुणी जा म्हटले नाही, त्याही गेल्या नाहीत; तिथे राहणारी बहीणच भेटायला शहरात यायची. मोठ्या साहेबांनीही पाहिला नव्हता, आणि मीही नाही. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. आमचा उंट चार मजली होता आणि त्याला लिफ्ट होती, एवढेच.

बावन्नाव्या वर्षी बाईंची मान धरली. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे डोळ्यांसमोर कागद नको. कुठेतरी मोकळ्या हवेत जा." त्यांची थोरली बहीण तलावाच्या राखणदाराला दिलेली. दोघांचे राहणे तिथेच, काठावरच्या दोन खोल्यांत. तेवीस वर्षे रोज सकाळी फोनवर मेहुणी-भावोजींचे बोलणे होई, पण ते एका आकड्यापुरते. बाईंनी रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "पाणी काय तुमच्या रजेसाठी थांबणार आहे?" मग सही केली.

पुढचे मला बाईंनी सांगितले ते तसेच लिहितो.

पहिले तीन-चार दिवस त्या सकाळी सातला आपोआप उठायच्या. भावोजींनी पट्टी पाहिली की मनात भागाकार सुरू. बहीण ओरडायची, "अगं, इथं तरी बेरजा सोड! जा, काठावर बस जा. काही करू नकोस." काही न करणे बाईंना जमेना. पण मान वळत नव्हती, म्हणून एका जागी बसून समोर पाहण्यावाचून इलाजच नव्हता. वारा उलटा वाहिला की सगळे पाणी बोटभर पलीकडच्या काठाला सरकते आणि पट्टीवरचा आकडा बदलतो, हे त्यांना तिथे कळले. कचेरीत असा एका दिवसाचा फरक आला की त्या भावोजींना फोनवर टोचायच्या, "नीट बघून सांगत जा हो." ते आठवून त्यांना शरम वाटली. पाणी उतरले की काठाचा चिखल दोन दिवसांत भेगाळतो, चौथ्या दिवशी त्यावर गवत येते, आणि त्या गवतात उघड्यावर टिटवी अंडी घालते, हेही त्यांनी पाहिले. जी जागा त्यांच्या वहीत 'उणे चार सेंटिमीटर' एवढीच होती, तिथे एक पक्षीण दिवसभर आरडाओरडा करत राखण करत होती.

पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांना बगळा दिसला. तलावात एक खडकाळ बेट आहे. त्या बेटाच्या अलीकडे, काठापासून चांगली दोनशे पावले आत, बगळा एका जागी उभा होता. बाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. नकाशा तोंडपाठ होता. पट्टीवरचा त्या दिवसाचा आकडाही डोक्यात होता. त्या जागी अडीच मीटर पाणी असायला हवे होते. बगळ्याचे गुडघेसुद्धा बुडाले नव्हते.

राखणदार नाव बांधत होता. बाईंनी विचारले, "भावोजी, बगळा पोहतो का हो?"

"बगळा? छे! पाय टेकल्याशिवाय तो पाण्यात उतरायचा नाही."

"मग तो तिथं कशावर उभा आहे?"

"गाळावर. आणि कशावर असणार?"

"गाळ? केव्हापासून?"

"मी इथं आलो तेव्हापासून आहे की. नदी दर वर्षी आणून टाकते. त्या बेटामागं तर आता पाणकणसं उगवलीत, माणूस लपेल एवढी."

"मग तुम्ही कधी सांगितलं कसं नाही?"

राखणदाराने दोरीची गाठ पुरी केली. "तू रोज काय विचारतेस? पट्टीवर किती. पट्टीवर असतं ते मी सांगतो. गाळ किती, हे तू कधी विचारलंस?"

बाईंनी खरेच कधी विचारले नव्हते. तक्ता अडतीस वर्षांपूर्वी, तलाव नवा असताना केलेला. पाणी पट्टीवर त्याच उंचीला दिसत होते, पण त्याच्याखाली पाणी नव्हते, गाळ होता. उंची खरी आणि पाणी खोटे. मला त्या म्हणाल्या, "तेवीस वर्षं मी हिशेब केला तो तक्त्याचा. तलावाचा केलाच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा मीटरचा बांबू मागवला. त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारली. भावोजी म्हणाले, "तुला मान बरी व्हावी म्हणून पाठवलंय ना?"

"मान बरी आहे. आता झोप लागत नाही. चला, नाव काढा."

अकरा सकाळी ते दोघे पाण्यावर होते. काठावरची झाडे आणि पंपाचा मनोरा धरून सरळ ओळी आखल्या आणि ओळीवर ठरावीक अंतराने बांबू खाली सोडला. दोनशे बारा जागा. मनोऱ्याजवळ बांबू पुरेना, तिथे दोरीला दगड बांधून मोजले. पाणी रोज थोडे उतरत होते, तेवढी वजावट रोज केली. आकडे शाळकरी वहीत. बहीण काठावरून हाका मारायची, "अगं, जेवायला तरी या! पाणी कुठं पळून जात नाहीये!" बाई म्हणायच्या, "तेच तर मोजतेय."

२० मार्चला त्यांनी चार पानी अहवाल मोठ्या साहेबांपुढे ठेवला. त्या दिवशी फळ्यावर आकडा होता चौऱ्याहत्तर. बाईंचा आकडा होता सेहेचाळीस. म्हणजे पाऊस यायच्या कितीतरी आधी शहर कोरडे पडणार. त्या दिवसापासून एक दिवसाआड पाणी सोडले असते, तर तेच पाणी पावसापर्यंत ओढूनताणून पुरले असते. बाईंची मागणी एवढीच होती: फळ्यावरचा आकडा बदला, आणि आजच बदला.

मी तेव्हा दुसऱ्या एका फाईलीसाठी साहेबांच्या खोलीत बसलो होतो. सगळे माझ्यासमोर झाले.

साहेबांनी पहिले पान वाचले, बाकीची चाळली. "बाई, तुम्ही रजेवर होतात ना?"

"हो साहेब."

"मग हे मोजमाप कुणाच्या आदेशानं?"

"कुणाच्याच नाही."

"मग हे मोजमाप झालंच नाही." आणि हसून माझ्याकडे पाहून, "पुरावा काय, तर म्हणे बगळा उभा होता!"

मीही हसलो. हे लिहायला मला आवडत नाही, पण हसलो.

बाई म्हणाल्या, "साहेब, पुरावा बगळा नाही, दोनशे बारा जागांची खोली आहे. तुम्ही चला माझ्याबरोबर. एक दिवस. बांबू तुम्ही धरा."

"गेल्याच आठवड्यात मी वरच्या बैठकीत चौऱ्याहत्तर दिवस सांगून आलोय. लेखी. आता काय सांगू? एका बाईच्या बांबूनं अठ्ठावीस दिवसांचं पाणी आटलं?"

इथे कुणाला वाटेल, साहेबांना खरेच पटले नसेल. पटले होते. न पटलेला माणूस उलट प्रश्न विचारतो, कुठे मोजले, कसे मोजले, चूक कशी धरली. साहेबांनी एकही विचारला नाही. त्यांनी समासात लिहिले, 'रजेवरील मोजमाप. दखल घेण्याचे कारण नाही,' आणि खाली आद्याक्षरे ठोकली.

दुसऱ्या दिवशीपासून बाई चिठ्ठीवर दोन आकडे लिहू लागल्या. वर 'तक्त्याप्रमाणे', खाली 'प्रत्यक्षात'. साहेबांनी खालचा आकडा लाल शाईने खोडला. चार दिवस हेच चालले. पाचव्या दिवशी साहेबांनी सांगितले, एकच आकडा लिहा आणि सही करा. बाईंनी पेन खाली ठेवले. त्याच दुपारी त्यांना आवक-जावक टेबलावर बसवले, टपालावर शिक्के मारायला. तक्ता एका नव्या मुलीकडे गेला. तिला नोकरीला लागून दोन महिने झाले होते. ती बिचारी काय बोलणार? कचेरीत बाईंचे नाव पडले बगळाबाई. जिन्यावरून जाताना कुणी एका पायावर उभे राहून दाखवी. शिकलेली, पोराबाळांची माणसे ही!

घरीही सुख नव्हते. नवरा नोकरीनिमित्त परगावी, घरात सासू आणि त्या. सासू म्हणाली, "आठ वर्षं राहिलीत तुझ्या पेन्शनला. बगळ्याच्या नादानं नोकरी घालवणार का?"

"आई, मी खोट्यावर सही नाही करणार."

"नको करूस. पण तोंड तरी बंद ठेव." आणि मग म्हातारीने माळ्यावरची सगळी पिंपे खाली उतरवून घासली. "बगळ्यावर माझा विश्वास नाही हो. पण भरून ठेवायला काय जातं?"

मग आला तो ९ एप्रिलचा कागद. मी तो घेऊन साहेबांकडे गेलो. विचारले, "साहेब, हे पैसे कशात जमा दाखवू?"

"पर्यटन."

"पण त्या पर्यटनाला गेल्या नव्हत्या."

"मग कामाला गेल्या होत्या? रजेवर असताना, सरकारी नावेत बसून? ते तर त्याहून वाईट. नोकरीवर येईल त्यांच्या. तुम्हीच सांगा, कोणतं बरं?"

"अकरा फेऱ्यांना आधार लागेल. पावत्या नाहीत."

"त्यांचाच अहवाल आहे की! तारीखवार लिहिलंय सगळं. तोच जोडा." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चारी पाने टाचणीने कागदाला लावून दिली.

मी सही केली. नियमात बसत होते. आयुष्यभर मी हे वाक्य फार वापरले. त्या दिवशी ते तोंडात कडू लागले. संध्याकाळी बाईंना सांगायला गेलो, तर त्या पाकिटांवर शिक्के मारत होत्या. म्हणाल्या, "कापा हो. पैशांचं काही नाही. फळ्यावर आज किती लिहिलंय?"

"चोपन्न."

"सव्वीस आहेत," असे म्हणून त्यांनी पुढचा शिक्का मारला.

त्या रोज विचारायच्या. कुणीही खालून वर आले की, "फळ्यावर किती?" आणि मनातल्या मनात अठ्ठावीस वजा करायच्या. त्यांनी वरच्या कार्यालयाला दोन पत्रे पाठवली. दोन्ही 'योग्य मार्गाने पाठवा' असा शेरा मारून परत आली. योग्य मार्ग म्हणजे मोठे साहेब.

३ मेला नळांना तांबडे पाणी आले आणि दुपारी तेही थांबले. पंपाने गाळ ओढला होता. फळ्यावर त्या दिवशी आकडा होता तीस. बाईंच्या हिशेबात राहिले होते दोन. बांबूने मोजून चूक आली ती एवढी, दोन दिवसांची.

पुढचे एकोणीस दिवस, वळवाचा पाऊस येईपर्यंत, टँकर आले. मी घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसे पाहिली, इस्पितळाच्या मागच्या दाराशी भांडणे पाहिली. बाईंच्या गल्लीतल्या बायका त्यांना ऐकवायच्या, "तुम्ही पाण्याच्या कचेरीत ना? मग आम्हाला आधी सांगायला काय झालं होतं?" बाई ऐकून कचेरीची वाट धरायच्या. त्यांची सासू मात्र बोलायची, आणि शेजाऱ्यांना पिंपातले पाणी काढून द्यायची, तेही बोलता बोलताच.

आता ऐका, कळस पुढेच आहे. वरून तीन अधिकाऱ्यांची चौकशी आली. साहेबांनी त्यांच्यापुढे लेखी दिले: तक्ता तेवीस वर्षे बाईंच्या ताब्यात होता, तो जुना झाल्याची सूचना त्यांनी वेळेवर दिली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाईंना नोटीस आली. सात दिवसांत खुलासा करा, आणि सेवेतून कमी का करू नये ते सांगा. साहेब चौकशीत म्हणाले, "असा कोणताही अहवाल माझ्यापुढे आलेला नाही."

बाईंकडे अहवालाची नक्कल होती, पण नक्कल कुणीही केव्हाही लिहू शकतो. आवकेची वही तर आता त्यांच्याच टेबलावर, तिच्यातली नोंद दाखवली तर म्हणणार मागाहून घुसडली. त्या मला म्हणाल्या, "जाऊ दे. माझी नोकरी गेली तरी गाळ तिथंच आहे. तो तरी कुणीतरी मोजा."

मी रात्र वगैरे विचारात घालवली नाही. सकाळी दहा वाजता कपाट उघडले, एप्रिलची पावतीफाईल काढली आणि चौकशीच्या खोलीत जाऊन तिघांपुढे उघडून ठेवली. नावेच्या भाड्याचा कागद, आणि त्याला जोडलेली अहवालाची मूळ चार पाने. समासात साहेबांचा शेरा, आद्याक्षरे, तारीख २० मार्च. साहेब समोरच बसले होते. म्हणाले, "हे हिशेब खात्याचे कागद आहेत, चौकशीशी यांचा काय संबंध?" तिघांतला सर्वांत वयस्कर अधिकारी म्हणाला, "बसा. आम्हाला वाचू द्या." त्याने चारी पाने वाचली. मग विचारले, "बगळा म्हणजे नेमका काय प्रकार आहे?" आणि पहिल्यांदाच कुणीतरी ते न हसता ऐकून घेतले.

बाईंची नोटीस मागे घेतली गेली. नोकरी वाचली. पण न्याय झाला असे समजू नका. चौकशीच्या निष्कर्षात लिहिले आहे, 'कोणाचाही व्यक्तिशः दोष आढळत नाही. तक्ता कालबाह्य झाला होता.' जणू तक्ताच उठून साहेबांच्या खोलीत गेला आणि बाईंना आवक-जावकला बसवून आला! साहेबांची बदली झाली, बढतीवर. मग वरातीमागून घोडे आले. एका कंपनीने यंत्राची नाव आणून अठरा लाखांत तलाव मोजला. बाईंच्या बांबूत आणि त्या यंत्रात फरक निघाला शेकडा तीनहून कमी. नवा तक्ता छापून आला. त्यावर कंपनीचे नाव आहे, छापखान्याचे आहे. बाईंचे नाही.

त्या पुन्हा आपल्या टेबलावर आल्या. त्यांनी एकच अर्ज केला: तक्ता सांभाळणाऱ्याला वर्षातून एक आठवडा तलावावर कामासाठी पाठवावे. उत्तर आले, अशी तरतूद नाही. तेव्हा त्या स्वतःची रजा टाकून जातात आणि ती तक्ता शिकलेली मुलगी तिची रजा टाकून बरोबर जाते. मोजतातही. भावोजींना आता रोज फोनवर दोन प्रश्न असतात. पट्टीवर किती, आणि बाकी काय दिसतंय?

मागच्या महिन्यात एका रविवारी मी बाईंबरोबर गेलो. माझ्या निवृत्तीला वर्ष राहिले आहे, आणि ज्या तलावाची बिले एकतीस वर्षे पास केली, तो पाहिलाच नव्हता. काठावर चार पावले गेलो आणि पोटरीपर्यंत चिखलात रुतलो. राखणदार हात देऊन म्हणाला, "साहेब, गुडघ्याएवढे बूट मागितले होते मी. दोनदा."

"नामंजूर मीच केले होते," मी म्हणालो. "काठावर काम, बुटांची गरज दिसत नाही, असं लिहून."

"हो, कागद आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "अक्षर छान आहे तुमचं."

बाईंची बहीण खो-खो हसली. मी पाय धुतले, चहा घेतला आणि बुटांची मागणी तिथेच बसून नव्याने लिहिली. सोमवारी मंजूर केली.

परत निघताना बसच्या कंडक्टरकडे माझ्या मोठ्या नोटेचे सुटे नव्हते. थांब्यावर सोडायला आलेल्या राखणदाराने पंचेचाळीस रुपये काढून दिले. ते अजून द्यायचे आहेत.